यादीतली माडी

भगवंतला वाचता येत नव्हतं असं नाही. सातवीपर्यंत शाळा झाली होती, आणि मूर्तिजापूरच्या भाजीबाजारात गिऱ्हाईक नसलं की तो शेजाऱ्याचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून काढत असे. तरी दाराच्या कडीत खोचलेला तो कागद त्याने तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ओट्यावर बसून घेतलं. लुना अजून चालूच होती. मागे भाजीचे रिकामे कट्टे, बारदानाची पोती, लोंबत होते.

"काय आलं वो?" आतून पार्बताबाईनं विचारलं. ओल्या पोत्यावर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी रास घालून ती जुड्या बांधत बसली होती. तिची बोटं केळीच्या सोपटानं आपोआप गाठी मारत होती.

"घरपट्टी."

"मंग भरून टाका. दरसाली भरतोच."

"एकवीस हजार सहाशे."

बोटं थांबली. मागच्या वर्षी नऊशे चाळीस भरले होते, तेही दोन हप्त्यांत, आणि पावती देवाच्या फोटोमागे ठेवली होती.

भगवंतनं खालचं मोठ्यानं वाचलं. सिमेंट काँक्रीटची इमारत. तळमजला अधिक पहिला मजला. व्यापारी गाळे दोन. भाडेकरू एक. वाचता वाचता त्याने मान वर केली आणि आपल्याच घराकडे पाहिलं. मातीत रचलेल्या विटांच्या तीन खोल्या, पुढे पडवी, वर टिन. टिन वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड, आणि त्या दगडांच्या आधारानं चढलेला भोपळ्याचा वेल. पहिला मजला म्हणायचाच झाला तर तो वेलच होता.

"दुसऱ्या कोणाची आली असन," तो म्हणाला. "नाव बरोबर हाय, घर चुकलं."

खरं तर ही गोष्ट हसून सोडण्यासारखी होती. पार्बताबाई एरवी असल्या गोष्टीवर नगरपंचायतीच्या सात पिढ्या काढून मोकळी झाली असती. पण आज खाली मान घालून तिनं पुन्हा सांबार हातात घेतलं, आणि बांधलेली जुडीच पुन्हा बांधली. मशीनवर ब्लाऊज शिवत बसलेल्या रागिणीनं आईकडे एकदा पाहिलं, बापाकडे एकदा पाहिलं, आणि बाहेर येऊन लुना बंद केली.

गाव पूर्वी ग्रामपंचायतीत होतं. मग नगरपंचायत झाली, वेशीवर कमान आली, दिवे आले, आणि यंदा उन्हाळ्यात घरं मोजायला माणसं आली. श्रावणात नव्या आकारणीची यादी नगरपंचायतीच्या भिंतीवर लागली. भगवंतनं ती पाहिली नव्हती. वांग्याचा तोडा चालू होता, त्याला यादी बघत उभं राहायला सवड नव्हती. पण बाकी गावानं पाहिली होती. दोन दिवसांपासून पानठेल्यावर लोक त्याला "या माडीवाले" म्हणत होते, आणि त्याला वाटत होतं, आपली कोणी तरी उगाच गंमत करून राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच वांगी तोडायला गेला. वाण काटेरी होतं. चार वाफे तोडून होईस्तोवर बोटांच्या पेरांत काटे मोडून बसले. ते काढायलाही न थांबता त्याने हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि नगरपंचायतीत गेला.

घरपट्टीचा बाबू ओमप्रकाश तसा चांगला माणूस. त्याच्या आईला भगवंतच्या वावरातली मेथी आवडे. पण टेबलाच्या पलीकडे बसला की माणूस थोडा वेगळा होतोच.

"भाऊ, चूक नाई हे," तो कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाला. "सर्वे झाला तुमच्याकडे. वैशाखात."

"कोन केला? मी त घरीच नोतो. वावरात होतो."

"घरच्यायनं माहिती देली ना. सही हाय."

"कोनाची सही?"

ओमप्रकाशनं कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे फिरवला. खाली वाकडीतिकडी सही होती. पार्बताबाई भगवंत. 'र्ब'वरचा रफार पार 'ई'पर्यंत गेलेला. ही सही रागिणीनं तिला बचत गटासाठी शिकवली होती, आणि घोटून घोटून अशीच वळली होती. भगवंतला ती कुठेही ओळखू आली असती.

"आनं हा फोटो," ओमप्रकाश म्हणाला. "घरापुढं घरमालकाचा फोटो काढा लागते, नियम हाय."

भगवंतनं फोटो पाहिला. त्याने टेबलाची कड धरली. फोटोत पार्बताबाई होती. रागिणीच्या मामाच्या घरी लग्नात घेतलेलं जांभळं लुगडं नेसलेली, डोक्यावरून पदर, कपाळभर कुंकू, आणि चेहऱ्यावर असं हसू की तीस वर्षांच्या संसारात त्याने ते फार तर दोनदा पाहिलं असेल. तिच्यामागे दोन मजली पक्कं घर होतं. खाली दोन शटर, वर निळ्या रंगाचा कठडा. ते शेजारच्या मनकर्णाबाईचं घर होतं.

"अन् आमचं टिनाचं?" त्याने विचारलं.

"ते मनकर्णाबाईच्या नावावर लागलं," ओमप्रकाश म्हणाला, आणि त्यालाही आत्ताच ते उमगल्यासारखी त्याची बोटं थांबली. "म्हंजे... अरे बाप्पा."

भगवंत घरी आला तेव्हा ऊन चढलं होतं. पार्बताबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तो ओरडला नाही. दारात उभा राहून त्याने फक्त विचारलं, "तू मनकर्णाच्या घरापुढं कायले उभी राहिली होती?"

परातीतलं पीठ तसंच राहिलं. पार्बताबाईनं पिठाचे हात मांडीवर ठेवले. मशीन थांबल्याचा आवाज पलीकडून आला.

"मले वाटलं, बार्शीटाकळीचे आले," ती म्हणाली.

एवढ्या एका वाक्यात भगवंतला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. वैशाखातच रामराव मध्यस्थानं बार्शीटाकळीचं स्थळ आणलं होतं. मुलगा गोपाल, पंपाच्या दुकानात कामाला, घरची चार एकर काळी जमीन. रागिणीला त्यानं एका लग्नात पाहिलं होतं, तिनंही त्याला पाहिलं होतं, आणि त्यानंतर ती मशीनवर बसून गुणगुणायला लागली होती. याआधी दोन स्थळं आली आणि गेली. पहिल्यांनी चहा घेतला, टिनाकडे पाहिलं आणि नंतर कळवतो म्हणाले. दुसऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

आणि आपल्याकडे रीतच आहे, पाहुणे उघड यायच्या आधी त्यांचा एखादा माणूस गुपचूप येऊन घर पाहून जातो. पत्ता विचारायचं निमित्त करतो, पाणी मागतो. पार्बताबाईच्या माहेरी भगवंतचा काका म्हैस विकत घ्यायला म्हणून आला होता. अर्धा दिवस म्हशीचे दात पाहत बसला आणि जाताना म्हैस सोडून पोरीचं नक्की करून गेला.

"दोघं आले," पार्बताबाई सांगू लागली. "हातात फाइल. इकडं तिकडं पाहून राहिले. म्हने, काकू, सर्वेवाले हाओत. मी मनात म्हटलं, तुमचा काका बी म्हशीवालाच होता. मंग पुसते, घर कोनाचं, खोल्या किती, भाडं येते काय, घरात मानसं किती, संडास हाय काय. असं कोन पुसते? सोयरीकवालेच पुसते."

"अन् तू सांगतलं."

"ते मनकर्णाच्या घराकडं बोट करून म्हने, हे कोनाचं? माह्या तोंडातून गेलं, आमचंच. चाबी माह्याजवळच होती, मनकर्णा पुन्याले लेकाकडं गेली होती. मी गेट उघडलं, पायरीवर बसवलं, च्या पाजला. लुगडं बदलून आलो. त्यायनं फोटो काढला, मले वाटलं पोराले दाखवाले." तिचा आवाज दबत गेला. "दुपारी एक वांगे घेनारा आला, तवा ते लुगडं सोडून मी पुन्ना जुन्या लुगड्यात बसलो होतो. त्याच्याजवळ रडलो बी थोडसं. त्या दोघायपुढं एवढं हसून जीव थकला होता."

"अन् आपल्या घराचं काय सांगतलं त्यायले?"

पार्बताबाईनं बोटांवरचं पीठ खरवडलं.

"सांग ना."

"म्हटलं... शेजारनीचं हाय."

भगवंत ओट्यावर येऊन बसला. त्या भिंतींच्या विटा त्याने स्वतः नाल्याच्या मातीच्या पाडल्या होत्या. उन्हाळ्यात लग्न झालं, पावसाळ्याच्या आत वर टिन पडलं पाहिजे म्हणून दोघांनी मिळून रात्रंदिवस चिखल तुडवला होता, आणि पार्बताबाईच्या टाचांना भेगा पडल्या त्या तेव्हापासूनच्या. ती बाई त्या घराला शेजारणीचं म्हणाली. एकवीस हजारांचा धक्का एकीकडे आणि हा एकीकडे, आणि यातला कोणता मोठा हे त्याला ठरवता येईना.

रागिणी बाहेर आली. ती काही तरी बोलेल म्हणून दोघं वाट पाहत होती. पण ती आईच्या पिठाच्या हातांकडे पाहत उभी राहिली आणि मग भाकरी थापायला बसली.

त्याच दुपारी रामरावचा फोन आला. आवाजावरूनच माणूस खूश होता. "भगवंत, गड्या, तू त छुपा रुस्तम निघाला! यादीचा फोटो काढून मी बार्शीटाकळीले पाठवला. जानराव म्हने, येवढं मोठं घर अन् मानूस बोलला नाई कधी. दसऱ्याच्या आधी कुंकू लावाले येतो म्हने."

फोन ठेवला आणि पार्बताबाई त्याच्या पायाशी येऊन बसली. "ऐका माहं. लग्न होईलोक काही बोलू नका. यंदाचे भरून टाकू. झेंडू विकून भरू. पोरगी गेली का मंग करा हरकत."

"हरकतीले तीस दिवस हायेत. तीस दिवसांनं ते पक्कं होते. चार वर्सं तेच राहते."

"चार वर्सं भरू."

"कायच्यातून?"

दीड एकराच्या वावरातून वर्षाला किती झेंडू निघतो आणि किती वांगी, हे तिला भगवंतपेक्षा जास्त पाठ होतं.

तोडगा म्हणून भगवंत मनकर्णाबाईकडे जाऊन आला. ती पुण्याहून परतली होती आणि तिच्या हातात नऊशे चाळीस रुपयांची नोटीस होती. बाई एकदम समाधानी होती. "मले काय म्हाईत बाप्पा," ती म्हणाली. "सरकारनं लिवलं ते खरं. मी कायले भांडू?" भगवंतनं आपली हरकत ओमप्रकाशकडे नेऊन दिली. कारणाच्या रकान्यात रागिणीनं त्याच्या सांगण्यावरून लिहिलं, सर्वेक्षणात चूक झाली. कोणाची, ते लिहिलं नाही.

सुनावणी भाद्रपदात, एका सोमवारी. सभागृहात ऐंशी-नव्वद माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती, आणि पंख्यांखालीसुद्धा सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. साहेब नवीन होते, अकोल्याहून येऊन जाऊन करत. पार्बताबाई यायला तयार नव्हती. सही करणारीलाच यावं लागतं असं ओमप्रकाशनं निरोपात सांगितलं, म्हणून आली आणि मागच्या भिंतीशी तोंड फिरवून बसली.

भगवंतचं नाव पुकारलं. तो टेबलापुढे उभा राहिला.

"काय चूक आहे यात?" साहेब म्हणाले.

"साहेब, ते घर आमचं नाई. शेजारचं हाय."

साहेबांनी ओमप्रकाशला खूण केली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर जांभळ्या लुगड्यातली पार्बताबाई हसत उभी राहिली. मागे निळा कठडा. सभागृहात खसखस पिकली.

"ही कोण?"

"बायको हाय."

"मग ती शेजाऱ्याच्या घरापुढे उभी राहून सही कशी करते? दोन मजले बांधायचे, गाळे भाड्यानं द्यायचे आणि पट्टी भरायची वेळ आली की घर शेजाऱ्याचं! तुमच्यासारख्या लोकांमुळेच गावात रस्ते होत नाहीत. लाज वाटत नाही या वयात खोटं बोलायला?"

भगवंतनं हात जोडले. बोटांत अजून वांग्याचे काटे होते, काळे ठिपके होऊन बसलेले. बायकोनं सांगितलं, असं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. ते तो बोलला नाही. "माहीच चूक झाली साहेब," एवढंच पुटपुटला आणि पुढचं ऐकायला मान खाली घातली.

तेव्हा पार्बताबाई उठली. खुर्च्यांच्या मधून येताना तिचा पदर दोनदा अडकला. टेबलापुढे येऊन तिनं नवऱ्याचे जोडलेले हात आपल्या हातानं खाली केले.

"त्यायले नका बोलू," ती म्हणाली. "खोटं मी बोललो."

साहेब थोडे मागे टेकले. "म्हणजे तुम्ही शासनाला खोटी माहिती दिली? दंड होतो, माहीत आहे?"

"सरकारले नाई देली साहेब. पाहुन्यायले देली."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. म्हशीवाल्या काकापासून सांगितलं. मागच्या दोन स्थळांचं सांगितलं, चहा न घेता गेलेल्यांचं. चावी, गेट, चहा, लुगडं. पहिल्यांदा एक जण हसला, मग सगळं सभागृह हसलं, बाया तोंडाला पदर लावून हसल्या, ओमप्रकाशसुद्धा हसला. साहेबांनी टेबलावर पेन आपटलं, पण हसू त्यांच्याही ओठांत आलं होतं. मनकर्णाबाईलाही बोलावलं होतं, ती तेवढी हसत नव्हती. आपल्या नऊशे चाळिसांचं काय होणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

पार्बताबाई हसू ओसरेपर्यंत थांबली. चेहरा लाल झाला होता, पण रडली नाही. "आमचं घर टिनाचं हाय साहेब," ती म्हणाली. "येऊन पाहा."

गुरुवारी स्थळपाहणी ठरली.

असली गोष्ट गावात थांबत नाही. सोमवारी दुपारी सभागृहात हसलेली माणसं सोमवारी संध्याकाळी फोनवर हसत होती, आणि त्यातला एक फोन बार्शीटाकळीला गेला असणार. गुरुवारी सकाळी ओमप्रकाश टेप, वही आणि दोन पंच घेऊन आला, त्याच्या पाठोपाठ फाटकाशी एक मोटरसायकल थांबली. भरघोस मिशीचा, पांढऱ्या टोपीचा माणूस उतरला. गोपालचा बाप, जानराव. भगवंतनं त्याला रामरावच्या मोबाइलवर पाहिलं होतं.

पार्बताबाई वांगी तोडून नुकतीच आली होती. लुगडं ओच्यापर्यंत भिजलेलं, हाताला माती. या माणसासाठी ती चार महिने झुरली होती, आणि तो आला तेव्हा तिला हात धुवायलाही वेळ मिळाला नाही. भगवंतनं बाज टाकली. रागिणी आत चहा ठेवायला गेली.

ओमप्रकाश थांबणारा नव्हता, त्याला अजून सहा घरं करायची होती. त्याने पडवीत टेप लावली आणि पंचाला मोठ्यानं सांगू लागला. "लिवा. छप्पर, टिन. भिंती, मातीतल्या विटा. फरशी नाई, सारवन. खोल्या तीन."

एकेका शब्दाला पार्बताबाईची मान खाली जात होती. ऐंशी माणसांपुढे सांगून झालं होतं, पण या एका माणसापुढे तेच दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं.

"दुकान नाई. भाडेकरू नाई. माडी नाई."

"थांबा जरा," जानराव म्हणाला.

ओमप्रकाश टेप धरून थांबला. जानरावनं बाजेवर सरकून भगवंतला जवळ बसवलं. बोलताना तो त्याच्याकडे पाहत नव्हता, वेलाकडे पाहत होता.

"भगवंतराव, एक सांगतो. आमचा मानूस वैशाखातच येऊन गेला. माहा साळा. दोन किलो वांगे घेतले त्यानं तुमच्याइथून."

पार्बताबाईनं चटकन वर पाहिलं.

"बाईनं त्याले सर्व खरं सांगतलं," जानराव म्हणाला. "टिन गळते, पोरीचं जमून नाई राहिलं, दोनदा मोडलं. रडल्या बी म्हने. अन् पावशेर वांगे वरून टाकले. साळा म्हने, भाऊजी, मानसं खरी हायेत, करून टाका. आमी घरात त्याच्याच भरोशावर हो म्हटलं. टिनासहित."

पार्बताबाई खाली बसली, तिथेच मातीत. ज्या माणसासाठी खोटं बोलायचं होतं त्याला ती खरं सांगून बसली होती, आणि त्या खऱ्यावरच सगळं जमलं होतं. म्हणजे ते जांभळं लुगडं, तो चहा, ते हसू, कशाचीच गरज नव्हती. भगवंतनं तोंडावरून हात फिरवला. आत स्टोव्ह भरभरत होता, आणि त्या आवाजातही रागिणीनं सगळं ऐकलं असणार.

"मंग झालंच ना, भाऊ," भगवंत कसाबसा म्हणाला. "टिन पाहून हो म्हटलं. टिन हे हाय."

"हो. पन मंग यादी आली." जानरावनं टोपी काढली, आतून पुसली आणि पुन्हा घातली. "रामरावनं फोटो पाठवला. मले वाटलं, साळ्यानं अर्धंच पाहिलं. मी... सांगून बसलो ना चार ठिकानी. भावाले सांगतलं, जावयाले सांगतलं. आमच्या पोराची सासरवाडी दुमजली हाय. दुकानं हायेत. चौकात सांगतलं. आता कोन्या तोंडानं सांगू का टिन हाय?"

तो भगवंतकडे आणखी सरकला. आवाज खाली आला, पण पडवी एवढीशी, सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे मोजमाप राहू द्या. हरकत मांगं घ्या. यादीत हाय तसं लग्नालोक राहू द्या. लग्न मनकर्णाबाईच्या मांडवात लावू, मी बोलतो त्यायच्याशी. अन् घरपट्टी..." त्याने घसा साफ केला. "घरपट्टी मी भरतो."

ओमप्रकाशच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन आत गेली.

भगवंतला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मुलाचा बाप, मुलीच्या बापाची घरपट्टी भरायला तयार, ती पण नसलेल्या घराची. त्याने बायकोकडे पाहिलं. हेच तर तिला हवं होतं, शब्दाला शब्द. लग्नापर्यंत गप्प राहा, असं पाय धरून तीच म्हणाली होती. आता तर पैशाचाही प्रश्न सुटला होता. ती हो म्हणणार, हे त्याला दिसतच होतं, आणि तिनं हो म्हटलं तर तो आडवा येणार नव्हता. पोरीच्या गुणगुणण्यापुढे त्याच्या विटा काय मोठ्या होत्या?

पार्बताबाई मातीतून उठली. मागे दारात रागिणी चहाचं ताट घेऊन उभी होती. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. रागिणीनं मान हलवली नाही, काही नाही, पण तिनं नजरही काढून घेतली नाही.

"भाऊ," पार्बताबाई म्हणाली, "पोरगी तुमच्या घरी येईन. त्या दोन मजल्यात आमालेच राहा लागते."

"फक्त लग्नालोक म्हनतो मी."

"लग्न झाल्यावर दिवाळसन. मंग बाळंतपन. तुमचे पाहुने येतीन, त्यायले मी कोन्या घरी बसवू? मनकर्णाची चाबी किती दिवस मांगू?" तिनं घराकडे मान वळवली. "एक डाव या घराले मी शेजारनीचं म्हटलं, भाऊ. माहं मलेच भेव वाटते. पुन्ना नाई म्हनत." मग ती ओमप्रकाशकडे वळली. "लिवा भाऊ. टिन. न्हानी उघड्यावर हाय, ते बी लिवा."

बोलून झाल्यावर तीच दचकली. आपण काय बोललो हे तिला आत्ता ऐकू आलं होतं. तिनं पडवीचा खांब धरला. रागिणीनं पुढे होऊन ताट जानरावपुढे धरलं. त्याने कप उचलला, पण ओठाला लावला नाही. बाजेच्या काठावर ठेवून दिला.

ओमप्रकाशनं उरलेली भिंत मोजली. वहीत पंचांच्या सह्या झाल्या. मग त्याने खिशातून मोबाइल काढला आणि जरा ओशाळून म्हणाला, "फोटो घ्या लागते, भाऊ. घरमालकाचा. घरापुढं."

"तिचाच काढा," भगवंत म्हणाला. "पयला बी तिचाच हाय."

पार्बताबाई घरापुढे उभी राहिली. हाताची माती तिनं लुगड्याला पुसली, डोक्यावर पदर घेतला. ओमप्रकाश दोन पावलं मागे गेला, एक डोळा मिटून पाहू लागला.

"ते पाहुने फोटोत येऊन राहिले," तो म्हणाला. "भाऊ, जरासे बाजूले व्हा."

जानराव बाजेवरून उठला. बाजूला झाला. फाटकापर्यंत बाजूला झाला, तिथे थोडा वेळ मोटरसायकलच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला, कोणी तरी हाक मारेल म्हणून असेल किंवा आपणच काही बोलावं म्हणून असेल. मग "कळवतो," असं म्हणाला आणि किक मारली. मोटरसायकल तिसऱ्या किकेला सुरू झाली. पार्बताबाई तोवर तशीच उभी होती, मोबाइलकडे पाहत, कारण ओमप्रकाशनं हलू नका म्हणून सांगितलं होतं.

"झालं, काकू," तो म्हणाला.

पंच गेले, ओमप्रकाश गेला. भगवंतनं वांग्याचा कट्टा ओट्यावर ओतला आणि किडकी वेगळी काढायला बसला, उद्याचा बाजार होता. पार्बताबाई थोड्या वेळानं त्याच्यासमोर येऊन बसली. त्याने तिच्याकडे न पाहता अर्धा ढीग तिच्याकडे सारला.

रागिणीनं कप गोळा केले. एक तसाच भरलेला होता, वर साय धरलेला. तिनं तो उचलला, साय बोटानं बाजूला केली, आणि उभ्या उभ्या, थंड झालेला, सगळा पिऊन टाकला.